बिनपुदिन्याचं च्युइंगम

माझ्या वडिलांना लोक पाठीमागे 'रेडिओ' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. केस कापायचं दुकान, दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आणि सकाळी शटर वर गेलं की संध्याकाळी खाली येईपर्यंत अण्णांचं तोंड चालू. कात्री मधूनमधून थांबायची, अण्णा थांबत नसत. वस्तरा मानेवर असताना ते गिऱ्हाइकाला असं काही सांगत की त्याला हसू आवरायचं नाही, आणि मग अण्णाच त्याला दटावत, "हलू नका, कान जाईल."

दुसरी खुर्ची माझ्या काकांची, अण्णांच्या धाकट्या भावाची. काका मोजकंच बोलत. "आमच्या दोघांच्या वाट्याला मिळून जेवढं बोलणं आलं होतं, ते सगळं दादानं घेतलं," असं ते म्हणायचे.

माझी आई बेकरीत पीठ मळते. ती पहाटे जाते आणि दुपारी येते. अण्णा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा दिवसभर बोलून त्यांचा घसा बसलेला असायचा. जेवायचं, पाय पसरायचे आणि झोपायचं. त्यामुळे गल्लीतल्या बातम्या आईला अण्णांकडून कधी कळल्या नाहीत. त्या तिला कळायच्या अण्णांच्या गिऱ्हाइकांच्या बायकांकडून, बेकरीच्या काउंटरवर. "तुमच्या ह्यांनी सांगितलं नाही का?" असं त्या विचारायच्या, आणि आई म्हणायची, "आमच्याकडे रेडिओ रात्री बंद असतो."

मग अण्णांच्या उजव्या कानाखाली गाठ आली. आधी दाढ सुजलीय म्हणून सोडून दिली. ती सोडून देण्यासारखी नव्हती. ऑपरेशन झालं, त्यानंतर रेडिएशन झालं. गाठ गेली, आणि पुन्हा येण्याची चिन्हं नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आईनं बेकरीतल्या सगळ्यांना केक वाटला. पण गाठीबरोबर आणखीही काही गेलं होतं. अण्णांचा जबडा आखडला होता. तोंड जेमतेम एक बोट जाईल इतकंच उघडायचं. लाळ सुटायची नाही, तोंडात सतत वाळू भरल्यासारखं वाटायचं. खाणं म्हणजे पेज, सूप आणि दुधात कुस्करलेला पाव. चव तर कशालाच नव्हती.

हॉस्पिटलात जबड्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. वयानं माझ्याएवढ्या, बोलायला मऊ, पण कामात अजिबात सूट न देणाऱ्या. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून त्यांची चळत त्या अण्णांच्या दातांमध्ये सरकवायच्या. किती काड्या मावल्या त्यावरून तोंड किती उघडतं ते कळायचं.

"रोज थोडं थोडं," त्या म्हणाल्या. "काड्यांचा व्यायाम तर करायचाच. पण मधल्या वेळात काहीतरी चघळा. च्युइंगम उत्तम. बिनसाखरेचं घ्या, कोरड्या तोंडात दात लवकर किडतात. चघळलं की स्नायू हलतात आणि लाळही सुटते."

ऐकायला सोपं होतं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि आईअण्णांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. त्या संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मी बाजारातली सगळी च्युइंगम घेऊन आले. सगळ्यांत पुदिना. रेडिएशननं सोललेल्या तोंडात पुदिना म्हणजे जखमेवर मिरची. अण्णांनी पहिला तुकडा तोंडात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दालचिनीचं त्याहून वाईट. फळांचं म्हणून आणलेलं आंबट निघालं. अण्णांनी ते रुमालात काढून ठेवलं आणि हातानंच 'पुरे' अशी खूण केली.

खूण केली, कारण तोवर ते बोलायचे थांबले होते.

ते कसं झालं ते सांगायला हवं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अण्णा एकदा दुकानात गेले होते. हात तर ठणठणीत होते. पहिलंच गिऱ्हाईक आलं ते आमच्या भागाचे टपालवाले, अण्णांचे फार जुने. त्यांना अण्णांना बघून खरोखर आनंद झाला. अण्णांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री घेतली आणि हॉस्पिटलातली एक गंमत सांगायला सुरुवात केली. पण जीभ वळायची नाही, तोंड कोरडं पडायचं, शब्द अर्ध्यात अडकायचा. टपालवाल्यांना वाटलं, या माणसाला त्रास होतोय, आपण मदत करावी. त्यांनी अडकलेला शब्द पुरा केला. मग वाक्य पुरं केलं. मग पुढचंही. अण्णांना सांगायचं होतं की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रोज नर्सची चप्पल लपवायचा. टपालवाल्यांनी ते 'रोज नर्सशी भांडायचा' असं पुरं केलं, आणि ते स्वतःच हसले. अण्णांनी मान हलवली. हो, भांडायचा.

काका म्हणाले, "कुणी टिंगल केली असती तर दादानं कात्री उगारली असती. पण तो चांगुलपणानं करत होता, त्याला काय करणार?"

अण्णा दुपारी घरी आले, अॅप्रन खुंटीला अडकवला, आणि त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. दुखत होतं म्हणून नव्हे. हवंनको ते मानेनं आणि हातानं सांगायचे. काड्यांचा व्यायाम चुकवायचे. खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे केस बघत राहायचे.

"आधी बोलून डोकं खायचे, आता न बोलून खातात," आई मला म्हणाली. पण असं म्हणताना ती त्यांच्या शर्टाची घडी घालत होती, आणि तीच घडी तिनं तीनदा उलगडून पुन्हा घातली.

च्युइंगम घरी करायची कल्पना तिचीच. एका दुपारी मी गेले तर ती ओट्याशी उभी होती आणि दुकानातलं एक च्युइंगम बोटांत ताणून बघत होती.

"हे काय असतं गं? चिकट पीठच ना?"

"आई, ते कारखान्यात करतात."

"पावही कारखान्यात करतात. म्हणून मी काय उपाशी राहते? आयुष्य गेलं माझं चिकट पिठात. घरी करू. पुदिना नाही घालायचा, साखर नाही घालायची, मऊ ठेवायचं. तीन गोष्टी."

तीन गोष्टींनी आमच्या नाकी नऊ आणले. आईचा पहिला तर्क सरळ होता: गम म्हणजे डिंक. तिनं डिंक आणला, कुटला, औषधाच्या दुकानात मिळते ती दात न किडवणारी साखर घालून शिजवला आणि ताटात थापला. वड्या दिसायला झकास झाल्या. तोंडात टाकल्यावर पाच-सहा वेळा चावेपर्यंत ठीक, मग विरघळून पोटात. शिवाय दाताला चिकटायचं ते वेगळंच.

मग कुणीतरी मेण सांगितलं. मधमाशीचं, खाण्याचं मेण. ते विरघळलं नाही, पण चावल्यावर त्याचा भुगा झाला. काकांनी चव घेतली आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, मेणबत्ती खाल्ली की पोटात उजेड पडतो का?"

अण्णा खिडकीतून हे सगळं बघायचे. त्यांच्यासाठी चाललंय हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी काही दाखवलं नाही. प्रत्येक वेळी आई वाटीत तुकडा नेऊन द्यायची, ते तो निमूट तोंडात घालायचे, थोडं थांबायचे आणि मान हलवायचे. नाही.

तिसऱ्या वेळी आईला तिचं स्वतःचं काहीतरी आठवलं. लहानपणी शाळेत जाताना मुलं कच्चे गहू तोंडात टाकून चघळायची. चघळत राहिलं की सालं निघून जायची, पिठूळपणा जायचा आणि मागे रबरासारखा गोळा उरायचा. तिनं कणीक घट्ट मळली आणि तो गोळा नळाखाली धरून धुवायला लागली. पांढरं पाणी वाहत राहिलं, गोळा लहान लहान होत गेला, आणि शेवटी तिच्या मुठीत एक करडा, लवचीक लगदा राहिला. ताणला की ताणायचा, सोडला की आवळायचा.

तो मऊ होता आणि झोंबत नव्हता. अण्णांनी तो तोंडात घातला आणि चघळला. आम्ही दोघी दारात उभ्या राहून त्यांच्या गालाकडे बघत होतो. ऑपरेशनच्या खुणेखाली काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं. बऱ्याच वेळानं त्यांनी तो काढला आणि या वेळी मान नकारार्थी हलवली नाही. नुसती वाटी परत दिली.

पण ते टिकणारं नव्हतं. जरा वेळानं त्याचे तुकडे पडायचे, आणि उरलेला गोळा दुसऱ्या दिवशी आंबला. तरी आईला धीर आला. "चघळतात," ती म्हणाली. "म्हणजे द्यायला काहीतरी हवं. एवढंच."

मग मी इंटरनेटवर शोधलं आणि च्युइंगम ज्याचं करतात तो कच्चा माल मागवला. गम बेस म्हणतात त्याला. पिवळट पांढरे खडे, ना वास ना चव. गरम पाण्यावर भांडं ठेवून ते वितळवायचे, त्यात ती दात न किडवणारी साखर, थोडं खाण्याचं ग्लिसरीन, थोडं बिनसाखरेचं सिरप घालायचं आणि कोमट असताना मळायचं.

सुटीच्या दिवशी आम्ही बसलो. खडे वितळले, पण इतके चिकट की आईनं ढवळायला घातलेला चमचा भांड्यात उभाच राहिला आणि निघेना. काकांनी भांडं धरलं, मी चमचा धरला, आणि दोघं विरुद्ध दिशांना ओढत राहिलो. "हे तर दादापेक्षा हट्टी आहे," काका म्हणाले. आईनं आम्हाला दोघांना बाजूला केलं, ओट्यावर पिठीसाखरेसारखी ती साखर पसरली, गोळा त्यावर ओतला आणि मळायला घेतला. मग मात्र तिचे हात सुरू झाले. आधी तो तिच्या बोटांना धरून बसला, मग सैल झाला, मग सोडायला लागला. शेवटी त्याला तकाकी आली. तिनं लाटणं फिरवून पोळी केली, वर मक्याचं पीठ भुरभुरलं आणि सुरीनं पट्ट्या पाडल्या. आम्ही सगळ्यांनी एकेक तोंडात टाकली. खरंखुरं च्युइंगम. गरम, मऊ, किंचित गोड. काकांनी फुगा फुगवून दाखवला, या वयात. अण्णा झोपले होते म्हणून आईनं त्यांच्या पट्ट्या डब्यात भरून ठेवल्या.

पुढची चूक कुणाचीच नव्हती, किंवा सगळ्यांची थोडी थोडी होती. गार झाल्यावर त्या पट्ट्या दगड झाल्या. ग्लिसरीन कमी पडलं होतं, हे आम्हाला कुठे ठाऊक? सकाळी आई बेकरीत गेली होती. अण्णांनी स्वतःहून डबा उघडला. आपल्यासाठी बायको इतके दिवस खपतेय, ती यायच्या आत आपण चघळून दाखवावं, असं त्यांच्या मनात असावं. त्यांनी पट्टी दातांत धरली आणि नेट लावून चावली.

काका त्यांना दुपारचं सूप द्यायला आले तेव्हा अण्णा जबडा धरून पलंगावर बसले होते. गाल सुजला होता. एक बोट जायचं तिथे आता नखही जाईना. काकांनी मला फोन केला आणि मी दुकानातून तशीच निघाले, वाटेत बेकरीतून आईला घेतलं. हॉस्पिटलात व्यायामाच्या बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, स्नायूला ताण बसलाय, फार घाबरायचं कारण नाही, पण काही दिवस सगळं बंद. "हेतू चांगला होता हे कळतं मला," त्या आईला म्हणाल्या. "पण आखडलेल्या जबड्याला लोखंडाचे चणे देऊन चालत नाही."

त्या रागावल्या नव्हत्या, पण आईला ते फार लागलं. घरी येऊन तिनं डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात ढकलला आणि वितळलेल्या गमनं बरबटलेलं भांडं घासायला बसली. ते निघत नव्हतं. ती घासत राहिली.

"हात दाखवून अवलक्षण केलं मी," ती म्हणाली. "गाठ काढणाऱ्यांनी त्रास दिला, तो बरं करायला दिला. मी दिला तो कशासाठी? मला वाटलं ते बोलतील म्हणून. त्यांच्यासाठी तरी होतं का ते, का माझ्यासाठी?"

मी तिच्या हातातून भांडं घेतलं. मीच ते घासायला लागले. आत अण्णा जागे होते आणि आमच्या घरातल्या भिंती काही जाड नाहीत.

सूज उतरली. व्यायामाच्या बाईंनी पुन्हा हळूहळू काड्या सुरू करायला सांगितल्या, आणि त्याआधी जबडा शेकायला. आई सकाळी निघण्यापूर्वी शेकायची पिशवी गरम करून ठेवायची. च्युइंगमचं नाव मात्र तिनं घरात काढू दिलं नाही.

आणि मग एक दुपार अशी आली. हे मी पाहिलेलं नाही. आईनं सांगितलेलं आहे, तेही तुकड्यातुकड्यांनी. ती बेकरीतून घरी आली तर स्वयंपाकघर वाफेनं भरलेलं. तिला वाटलं गॅस चालू राहिला. आत अण्णा उभे होते. बाह्या दुमडलेल्या, समोर उकळतं पाणी, खांद्यावर दुकानातले पांढरे टॉवेल. राठ दाढीचं गिऱ्हाईक आलं की अण्णा त्याच्या गालांवर कढत टॉवेल ठेवून आधी दाढी मऊ करायचे. आता त्यांनी टॉवेल बुडवला, पिळला, झटकून अंदाज घेतला आणि स्वतःच्या जबड्याला गुंडाळला. दुसरा टॉवेल ताटलीत गुंडाळलेला होता. थोड्या वेळानं त्यांनी तो उलगडला. आत च्युइंगमची पट्टी. फडताळावरचा डबा त्यांनी काढला होता.

बोटांनी दाबून बघितली. दबली. त्यांनी तिचा इवलासा तुकडा तोडला आणि तोंडात ठेवला.

आई दारात पिशवी घेऊन उभी होती. "कुणाला विचारून?" ती म्हणाली. ती घाबरली होती, म्हणून आवाज चढला.

अण्णांनी हात वर केला, थांब. ते चघळत होते. अगदी सावकाश, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग त्यांनी गिळलं, म्हणजे लाळ गिळली. आईच्या ते लक्षात आलं, कारण इतके महिने त्यांना गिळायला पाण्याचा घोट लागायचा.

"याला," अण्णा म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "चव नाही."

कित्येक आठवड्यांनी नवऱ्याच्या तोंडून पहिले शब्द निघाले, आणि ती तक्रार होती. आईनं पाठ फिरवली, पिशवी खाली ठेवली आणि पिशवीतल्या पावांशी उगाच काहीतरी करत बसली.

"तुम्हाला कशाचीच चव लागत नाही, म्हणून घातली नाही," ती म्हणाली.

"वास," अण्णा म्हणाले. "वास लागतो."

"मग कसला घालू? पुदिना झोंबतो."

अण्णा विचार करत राहिले. का शब्द शोधत होते, का जीभ वळवत होते, कुणास ठाऊक. आईला एकदोनदा वाटलं की आपणच सुचवावं, गुलाब, बडीशेप, काहीतरी. तिनं ओठ मिटून घेतले.

"व्हॅनिला," ते शेवटी म्हणाले. "तू दुपारी... घरी येतेस ना. तुझ्या हातांना... तो."

ही शेवटची गोष्ट आईनं मला फार उशिरा सांगितली, आणि सांगताना ती दुसरीकडेच बघत होती.

बेकरीच्या मालकीणबाईंनी व्हॅनिलाची बाटली तशीच देऊन टाकली. पुढच्या सुटीला आम्ही पुन्हा बसलो, पण आता कारागीर दोन होते. आईनं ग्लिसरीन वाढवलं, गोळा गार करून बघितला, पुन्हा वाढवलं. अण्णा खुर्ची ओढून ओट्याशी बसले. मळून झाल्यावर त्यांनी सुरी बाजूला सारली आणि केस कापायची एक कात्री काढली, नवीकोरी, धुऊन पुसलेली. कंगव्यावर पट्टी धरून ते केसांसारखे तिचे बारीक तुकडे कापत गेले. सगळे सारखे, सगळे पातळ.

"जाड लाटलंय," ते म्हणाले.

"मग लाटा तुम्ही," आई म्हणाली.

त्यांनी लाटलं. ओट्याला चिकटलं. आईनं मक्याच्या पिठाचा डबा पुढे सरकवला. मी एवढंच बघितलं की ती हसू दाबत होती. काका मला हळूच म्हणाले, "च्युइंगम करायला चिकाटी लागते म्हणतात. यांच्यात तर चिकटपणाच जास्त."

मग ते रोजचं झालं. सकाळी टॉवेल, मग काड्या, मग दिवसभरात पुन्हा पुन्हा व्हॅनिलाचा तुकडा, प्रत्येक वेळी आधी गरम करून. व्यायामाच्या बाईंकडे गेलो की चळतीत कधी एक काडी जास्त मावायची, कधी तेवढ्याच राहायच्या. एकदा कमी झाल्या आणि अण्णा दोन दिवस गप्प होते. पण ते गप्प राहणं वेगळं होतं, रागाचं. बाईंनी एक तुकडा स्वतः चघळून बघितला आणि कसं करता ते विचारून घेतलं. आईनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "पहिल्या खेपेला चुकेल. गार करून दाबून बघा, मगच कुणाला द्या."

अण्णा पुन्हा दुकानात जातील असं आम्ही धरून चाललो नव्हतो. त्यांनीही विषय काढला नाही. एका सकाळी काका शटर उघडत होते तर मागून अण्णा आले, अॅप्रन घातला आणि आपल्या खुर्चीमागे उभे राहिले. गाल हलत होता.

योगायोगानं नव्हे, वार ठरलेला होता म्हणून, टपालवालेच आले. ते बसले. अण्णांनी कापड बांधलं.

"काय म्हणताय? कसं काय?" टपालवाल्यांनी विचारलं, आणि मदतीला तयार होऊन बसले.

अण्णांनी बोटानं गालाकडे दाखवलं. "च्युइंगम," ते म्हणाले आणि चघळत राहिले.

टपालवाले आरशात हसले. "या वयात?" अण्णांनी खांदे उडवले. तोंडात च्युइंगम असलेला माणूस का बोलत नाही, असं कुणी विचारत नाही. कात्री सुरू झाली. पण इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून ऐकायची सवय, आता एकदम शांतता. टपालवाल्यांना ती सोसेना. थोडा वेळ ते हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, त्यांचा एक गुडघा गेलाय. जिने आडवे आडवे चढावे लागतात. ऑफिसात कळलं तर टेबलाच्या कामाला बसवतील म्हणून सांगितलेलं नाही. घरीही नाही. "कुणालाच नाही," ते म्हणाले. "तुम्हीच पहिले."

अण्णांची कात्री क्षणभर थांबली. "हं," ते म्हणाले. आणि मग, सावकाश, "डॉक्टर... चांगला आहे एक. सांगतो."

टपालवाल्यांनी ते वाक्य मध्ये तोडलं नाही. आता ते स्वतःच्या बोलण्यात होते, त्यांना घाई नव्हती.

काकांनी हे संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. पुढे तसंच होत गेलं. ज्या माणसांनी अण्णांच्या खुर्चीत वर्षानुवर्षं फक्त हसून घेतलं होतं, ती बोलायला लागली. कुणाचं घरात पटत नव्हतं, कुणाला टक्कल पडतंय म्हणून झोप येत नव्हती, एकाला आपल्या मुलीच्या लग्नात काय बोलावं ते सुचत नव्हतं. अण्णा चघळायचे आणि ऐकायचे. "कधीकधी वाटतं मी चुकून दुसऱ्याच दुकानात आलोय," काका म्हणाले. "आणि दादा असा ऐकतो की मलाही बोलावंसं वाटतं. परवा बोललो. अर्धा तास."

डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलं आहे की तोंड दोन बोटांच्या वर उघडणार नाही. जे मिळालं ते मिळालं. जाड पावाचा घास अण्णांना कधी घेता येणार नाही, आणि काही अक्षरं त्यांच्या तोंडून अजून घसरूनच येतात. 'रेडिओ' हे नाव हळूहळू बंद पडलं. त्याचं त्यांना थोडं वाईट वाटतं, असं मला वाटतं. ते कबूल करत नाहीत.

पण संध्याकाळी घरी आले की त्यांचा घसा आता बसलेला नसतो. दिवसभराचं बोलणं शिल्लक असतं. कुणाची गुपितं ते बाहेर काढत नाहीत, टपालवाल्यांचा गुडघाही आईला त्यांनी सांगितला तो टपालवाल्यांनी स्वतः ऑफिसात सांगितल्यानंतर. बाकीचं मात्र ते आईला सांगतात. एकेक शब्द करत, मध्ये पाण्याचा घोट घेत. आई ऐकते. एकदा मी न राहवून त्यांचं वाक्य पुरं केलं, तर टेबलाखाली आईनं मला असा चिमटा काढला की वळ उठला.

गेल्या सुटीला मी गेले तेव्हा नवा घाणा चालला होता. आई मळत होती, अण्णा कंगवा आणि कात्री घेऊन वाट बघत होते आणि बोलत होते. टपालवाले आता निवृत्त झालेत, त्यांची गोष्ट सांगणं चालू होतं. पहिल्या सकाळी त्यांना घरी बसवेना. रिकामी पिशवी खांद्याला लावून ते आपल्या नेहमीच्या रस्त्यानं फिरून आले.

"सगळ्या दारांवरून," अण्णा म्हणाले. "कोपऱ्यावरच्या घरी... कुत्रं आहे. इतकी वर्षं... रोज भुंकायचं त्यांच्यावर."

मग त्यांनी च्युइंगमचा तुकडा गालात सरकवला आणि चघळायला लागले.

"मग?" आईनं विचारलं.

अण्णांनी बोट वर केलं.

"अहो, मग काय झालं?"

त्यांना बोलता येत होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून स्पष्ट दिसत होतं. ते मुद्दाम ताणत होते. बरंच ताणून झाल्यावर म्हणाले, "भुंकलं नाही. नुसतं बघितलं... आणि आत गेलं. टपालवाले म्हणाले, त्या दिवशी खरं कळलं... नोकरी संपली."

आईचे हात थांबले. "बिचारं," ती म्हणाली.

"कोण? टपालवाले?"

"ते तर आहेतच. मी कुत्र्याचं म्हणत होते. त्याचंही काम गेलं ना."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. तोंड फार उघडत नाही, त्यामुळे हसू त्यांच्या खांद्यांतूनच जास्त येतं. "हे," ते म्हणाले, "उद्या... दुकानात सांगतो."

"सांगा. पण आधी हे लाटा आणि कापा, गार होतंय," आई म्हणाली आणि गोळा त्यांच्यापुढे सरकवला.